मुदतीचा नेम

डोंबिवली-बदलापूरहून सकाळच्या लोकलने फोर्टात येणाऱ्या, अथवा कोथरुडातून दुचाकीवर कचेरी गाठणाऱ्या कोणाही मध्यमवयीन गृहस्थास गेल्या मंगळवारी आपण काय केले असे विचारले, तर तो क्षणभर विचारात पडेल, आणि मग जे सांगेल ते कोणत्याही मंगळवारचे वर्णन असेल: उठलो, चहा घेतला, गाडी पकडली, काम केले, परतलो, जेवलो, निजलो. त्या दिवशी वाईट असे काहीच घडलेले नसते. पोटापाण्याची विवंचना नसते, घरात आजारपण नसते. तरीही दिवस हातचा गेला आणि आपला म्हणून त्यातला एक क्षणही मागे उरला नाही, ही जाणीव रात्री दिवा मालवताना त्यास बोचत राहते. ज्यांना ही बोच लागली आहे, आणि जे ती कोणाजवळ बोलून दाखवावयासही संकोचतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

अशा वेळी मनुष्याचा सारा रोष दिनक्रमावर जातो, आणि मग दोहोंपैकी एक गोष्ट घडते. एक तर रजा टाकून दूरचा प्रवास केला जातो, आठ दिवस चित्त प्रसन्न होते, आणि परतल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी सर्व पूर्ववत होते. नाही तर नववर्षाच्या आरंभी पहाटे पाचला उठणे, व्यायाम, वाचन, दैनंदिनी आणि एखादी नवी भाषा अशी सर्व कलमे एकदम अमलात आणण्याचा संकल्प सुटतो, व संक्रांतीच्या आतच तो बारगळतो. या दोन्ही उपायांमागचे निदानच चुकीचे आहे असे माझे मत आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या महाग्रंथात सवयीवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले असून, त्याचे प्रतिपादन असे की, नित्याचे जितके व्यवहार आपण सवयीच्या स्वाधीन करू तितकी बुद्धी उच्चतर कार्यासाठी मोकळी होते, आणि ज्यास प्रत्येक क्षुल्लक गोष्टीचा नव्याने निर्णय करावा लागतो त्याच्याइतका दीन प्राणी दुसरा नाही. दात घासताना, कुलूप लावताना, गाडीचा डबा निवडताना विचार करावा लागत नाही, ही सवयीने आपल्या खात्यावर रोज जमा केलेली शिलक होय. दिनक्रम नीरस होतो तो सवयींमुळे नव्हे; ही लक्षाची शिलक कोणत्याही निश्चित गोष्टीकडे वर्ग न होता परस्पर उधळली जाते, म्हणून तो नीरस होतो. उपाय करावयाचा तो येथे.

आता, संकल्प मोडतात त्याचा दोष आपण स्वतःच्या इच्छाशक्तीस देतो, तोही बव्हंशी अनाठायी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ व्यक्तींना, न्याहारीसारख्या रोजच्या एका ठरावीक प्रसंगास खाण्यापिण्याची वा व्यायामाची एखादी नवी कृती जोडून, ती १२ आठवडे करावयास सांगितले होते. कृती अंगवळणी पडावयास लागलेल्या काळाचा मध्यांक ६६ दिवस निघाला. परंतु व्यक्तिगत अंतर इतके मोठे होते की, कोणास १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. एकवीस दिवसांत सवय लागते असे जे सर्रास सांगितले जाते, त्यावर विसंबून बाविसाव्या दिवशी खचून जाण्याचे म्हणूनच कारण नाही.

सवयीचे मूळ माणसाच्या स्वभावात असते त्याहून अधिक त्याच्या भोवतालच्या रचनेत असते, याचाही एक बोलका दाखला लंडनमध्येच मिळतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेथील भुयारी रेल्वेच्या कर्मचाऱ्यांनी दोन दिवस संप केला, काही स्थानके बंद राहिली, आणि असंख्य प्रवाशांना नाइलाजाने निराळ्या मार्गाने कामावर जावे लागले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी प्रवाशांच्या प्रवासाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांपैकी सुमारे ५ टक्के लोक संप मिटल्यावरही जुन्या मार्गाकडे परतले नसल्याचे आढळले. रोजचाच रस्ता सर्वांत सोयीचा अशी त्यांची जी धारणा होती, ती पडताळून पाहण्याचा प्रसंगच तोवर आला नव्हता. आपल्या नित्यक्रमातील किती गोष्टी आपण अशाच न पडताळता चालवीत आहोत, याचा शोध घेण्यासाठी संपाची वाट पाहावयाची आवश्यकता नाही. त्यासाठी एक साधी वही पुरेशी आहे.

जुन्या पेढीवर रोजकीर्द लिहीत, म्हणजे त्या त्या दिवशीचा व्यवहार त्याच दिवशी, घडला तसा, कोणतीही मखलाशी न करता नोंदवून ठेवीत. आठ दिवसपर्यंत आपल्या वेळेची अशी रोजकीर्द ठेवावी. दर घटकेस वही उघडण्याची जरुरी नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, संध्याकाळी घरी आल्यावर आणि निजण्यापूर्वी, असे तीनदा लिहिले तरी भागते. पानावर तीन रकाने आखावे: पहिल्यात वेळ, दुसऱ्यात काय केले ते, आणि तिसऱ्यात त्याच्या लगेच आधी काय घडले ते. हा तिसरा रकाना पुष्कळांना अनावश्यक वाटतो, पण माझ्या मते वहीचे सारे महत्त्व त्यातच आहे. पहिल्या आठवड्यात काहीही सुधारण्याचा प्रयत्न करू नये; ज्याला आपली वही वाचून लाज वाटेल अशी भीती असते तो नोंदी सजवू लागतो, आणि सजवलेल्या नोंदींवरून कोणताही निर्णय करता येत नाही.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ, ज्यांची सारी नोकरी एका कचेरीच्या बारनिशीत आवक-जावक टपाल नोंदवण्यात गेली आणि ज्यांच्या निवृत्तीस तेव्हा थोडीच वर्षे उरली होती, त्यांनी अशी वही लिहिली, आणि त्यांच्या अनुमतीने तिच्यातील एक पान मी पाहिले. संध्याकाळची नोंद अशी होती: सात वीस, घरी आलो; चप्पल काढली; दाराजवळच्या कोचावर बसलो; मोबाईल चार्जिंगला लावला व हाती घेतला; पावणेनऊ, जेवायला हाक आली. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत हीच ओळ, वेळेत पाच-दहा मिनिटांचा फरक असेल इतकाच. आपल्याला वेळ मिळत नाही असे ते मला अनेक वर्षे सांगत आले होते, आणि वहीने दाखवले की, रोज जवळजवळ दीड तास त्यांच्यापाशी होता. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट तिसऱ्या रकान्यात उघड झाली: त्यांस मोबाईल पाहावयाचा होता म्हणून ते कोचावर बसत नव्हते, कोच दाराशी होता, चार्जर कोचामागे होता, आणि पुढचे सारे आपोआप घडत होते.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. चार्जर स्वयंपाकघरातील फडताळात नेऊन ठेवला, आणि कोचासमोरच्या टेबलावर, आजोबांच्या ट्रंकेत लाल फडक्यात बांधून ठेवलेले मोडी कागदांचे दप्तर आणून मांडले. घरातील कोणासही ते वाचता येत नव्हते. वडील गेल्यानंतर तर ते उघडलेही गेले नव्हते. येत्या गुढीपाडव्यापर्यंत रोज संध्याकाळी जेवणापूर्वी अर्धा तास या कागदांपाशी बसावयाचे, वाचता येवो वा न येवो, एवढाच नेम त्यांनी केला. मोडीची अक्षरओळख फारशी अवघड नाही. अवघड असते ते सलग लिखाण फोडणे, कारण पानभर आधीच ओढलेल्या रेघेखाली बोरू न उचलता अक्षरे एकास एक जोडलेली असतात, दोन शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. पहिले काही आठवडे त्यांस ‘मौजे’, ‘तालुके’, ‘सबब’, ‘बितपशील’ असे ठरीव शब्द तेवढे सापडत. मग एके दिवशी एका खरेदीखतात चतुःसीमेच्या वर्णनात आपल्या गावच्या ओढ्याचे नाव त्यांनी वाचले, आणि त्याच्या पश्चिमेच्या शेतास लावलेले एक नाव वाचले, जे त्यांच्या आजीच्या तोंडी असे. त्या रात्री त्यांनी मला दूरध्वनी केला तो केवळ ते नाव उच्चारून दाखवण्यासाठी. त्यांची गाडी तीच राहिली, कचेरी तीच राहिली, टपालही तेच राहिले. पण दिवसभर त्यांच्या मनात एक न लागलेला शब्द घोळत असे, आणि ज्याच्या मनात असा एक शब्द आहे त्याचा मंगळवार बुधवारसारखा असू शकत नाही.

या गृहस्थांनी गुढीपाडव्याची मुदत घातली, ती मला त्यांच्या साऱ्या योजनेतील शहाणपणाची गोष्ट वाटते, आणि हे शहाणपण आपल्याकडे परंपरेने चालत आलेले आहे. आषाढ शुद्ध एकादशीस चातुर्मास लागतो आणि कार्तिक शुद्ध एकादशीच्या सुमारास तो संपतो. या चार महिन्यांसाठी आपल्या घराघरांतून बायकापुरुषांनी लहानमोठे नेम करण्याची वहिवाट आहे. कोणी कांदालसूण सोडते, कोणी वांगे सोडते, कोणी मौनाने जेवते, कोणी एखाद्या ग्रंथाच्या ठरावीक ओव्या वाचते, कोणी रोज रांगोळीची ३३ गोपद्मे काढते. या नेमांच्या फलश्रुतीवर ज्यांची श्रद्धा नाही त्यांनीही त्यांची घडण नीट न्याहाळावी. नेमाचा आरंभ ठरलेल्या तिथीस होतो, आणि आदल्या दिवसांत त्याची चाहूलही लागते. कांदा सोडावयाचा तर आषाढ शुद्ध नवमीस, कांदेनवमीस, कांद्याची भजी आणि थालीपिठे पोटभर करून खाल्ली जातात. नेम लहान असतो, आणि तो इतका स्पष्ट असतो की, आज पाळला की नाही याविषयी वाद उद्भवत नाही. ‘यंदा सात्त्विक राहीन’ असा नेम कोणी करीत नाही, ‘वांगे खाणार नाही’ असा करते. घरच्या साऱ्यांना तो ठाऊक असतो, म्हणून पानात वाढणाराच सांभाळून घेतो. आणि तो संपतो: ज्यांच्या घरी खंडोबाचा कुलाचार आहे तेथे मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीस, चंपाषष्ठीस, भरीत-रोडग्याच्या नैवेद्याबरोबर वांगे पुन्हा पानात येते, व्रत असेल तर त्याचे उद्यापन होते, चार माणसे जेवावयास येतात. अखेरची तिथी आधीच ठाऊक असल्यामुळे मध्येच आलेला कंटाळा सोसवतो. ‘जन्मभर रोज’ असा संकल्प माणसास पहिल्याच आठवड्यात दडपून टाकतो. ‘अमुक तिथीपर्यंत रोज’ असा संकल्प त्याच्या आवाक्यात राहतो.

तेव्हा वहीतून जो मोकळा वेळ आणि जे नेमके निमित्त सापडेल, त्यास एकच नेम जोडावा, आणि त्यास दीड-दोन महिन्यांहून कमी नाही व चार महिन्यांहून अधिक नाही अशी मुदत घालावी. नेम कशाचा करावा हे दुसऱ्याने सांगणे धार्ष्ट्याचे आहे, तथापि निवडीची एक कसोटी मला सुचवावीशी वाटते: ज्यात काल आणि आज यांत काही फरक पडतो, आणि तो फरक पाहावयास आपले डोळे, कान वा हात लागतात, अशी गोष्ट निवडावी. केवळ पाहत वा ऐकत पडून राहण्याने मनोरंजन होईल, पण दिवसास खूण राहणार नाही. ज्यांस काहीच सुचत नाही त्यांनी आपल्या जाण्यायेण्याच्या वाटेवरील एक झाड धरावे. माघ-फाल्गुनात सावर आणि पांगारा पर्णहीन होऊन फुलतात, वैशाखात बहावा पिवळ्या घोसांनी लोंबू लागतो, त्याच सुमारास ताम्हण जांभळा होतो, आणि पावसाळा सरल्यावर संध्याकाळी जो उग्र, मादक वास रस्त्यावर दाटतो तो सातविणीचा असतो. ही झाडे मुंबईपुण्याच्या रस्त्यांवर उभी आहेत, आणि त्यांच्याखालून जाणाऱ्यांपैकी बहुतेकांस त्यांची नावेही ठाऊक नाहीत. दुर्गा भागवतांनी १९५६ साली ‘ऋतुचक्र’ प्रसिद्ध केले, त्यात बारा महिन्यांच्या निसर्गाचे जे सूक्ष्म निरीक्षण आहे ते वाचावे, आणि मग आपल्या झाडाविषयी रोज एक ओळ लिहावी; मोठा निबंध नको, पान गळले, कळी दिसली, कावळ्याने काटकी नेली, एवढे पुरे.

आठवड्याच्या सुट्टीसाठी दूर जाण्याचीही गरज नाही. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या हजारोंपैकी कितीजण पायऱ्या उतरून पाताळेश्वराच्या कोरीव लेण्यात, त्या वर्तुळाकार नंदिमंडपाजवळ, दहा मिनिटे बसले असतील? बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. भायखळ्यास १८७२ साली खुले झालेले, आज भाऊ दाजी लाड यांच्या नावे असलेले वस्तुसंग्रहालय आहे. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. आपल्या गावी अशी कोणती स्थळे आहेत याची यादी वाचकाने स्वतःच करावी, आणि महिन्यातून एकदा, एकट्याने किंवा एकाच सोबत्याबरोबर, एका स्थळी जावे.

येथवर जे लिहिले ते ज्यांच्यापाशी मोकळा अर्धा तास आहे त्यांच्यासाठी झाले. पण ज्या गृहिणीची वही सकाळी साडेपाचच्या दुधापासून रात्री साडेदहाच्या विरजणापर्यंत कामांनीच भरलेली असेल, तिला छंद जोपासण्याचा उपदेश करणे हा अन्याय आहे, आणि आपल्या नियतकालिकांनी तो फार वर्षे केला आहे. तिच्या दिवसाचा नीरसपणा पोळ्या लाटण्यात जितका असतो त्याहून अधिक ‘आज काय करायचे?’ या प्रश्नात असतो, कारण पोळीचे काम ताटाबरोबर संपते आणि हा प्रश्न दुपारी पुन्हा उभा राहतो, संध्याकाळी पुन्हा उभा राहतो. म्हणून घरातील कर्त्या पुरुषाने व मोठ्या मुलांनी ‘आईला मदत’ करण्यावर न थांबता, आठवड्यातील दोन दिवसांचा हा प्रश्नच आपल्याकडे घ्यावा: काय करावयाचे ते ठरवणे, भाजी आणणे, डाळ भिजत घालणे, करणे, वाढणे आणि ओटा पुसणे, सर्व, आणि त्यात तिने काहीही विचारू नये, सुचवू नये, मीठ कमी पडले तरी बोलू नये. हा नेमही मुदतीचाच असावा, आणि तो मोडल्यास तिने नव्हे तर घराने लाजावे. त्या दोन संध्याकाळी ती काय करील हे विचारण्याचा अधिकार कोणासही नाही. ती काहीही न करता गॅलरीत बसली तरी ते तिचे बसणे आहे.

‘आता या वयात हे कसले?’ असे म्हणणाऱ्यांना एकच उदाहरण देतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा; त्यांचे आयुष्य फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यात आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी पायपीट करून वर्गणी गोळा करण्यात गेले होते, आणि त्यांच्याइतका नियमबद्ध दिनक्रम क्वचितच कोणाचा असेल. १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, ते परदेशच्या प्रवासास निघाले. युरोप, अमेरिका आणि जपान पाहून परतले, आणि पुढे आफ्रिकेतही गेले. आपल्या कार्याची माहिती लोकांस द्यावी व तेथील शिक्षणसंस्था पाहाव्या, हा त्यांचा हेतू होता. त्यानंतरही ते तीस वर्षांहून अधिक जगले.

एक सावधगिरीची गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. दिनक्रमाचा कंटाळा आणि मनाचा आजार यांत भेद आहे. कंटाळलेल्या माणसास नवी गोष्ट समोर आली तर ती हवीशी वाटते. परंतु ज्यास पूर्वी आवडणाऱ्या कोणत्याच गोष्टीत गोडी उरली नाही, ज्याची झोप व भूक बिघडली आहे, आपण निरुपयोगी आहोत असे ज्याच्या मनाने घेतले आहे, आणि ही अवस्था दोन आठवडे टळलेली नाही, त्याने वही आणि नेम तहकूब ठेवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. जगणे नको असे विचार मनात येत असतील तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये; त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून त्यावर मराठीतूनही बोलता येते. अशा माणसास ‘जरा बाहेर हिंडून ये’ असे सांगणाऱ्या आप्तांनी त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे, ते अधिक उपयोगी पडेल.

राहिला प्रश्न खाड्यांचा. पाहुणे येतील, लोकल बंद पडतील, ताप येईल, आणि नेम चुकेल. वर उल्लेखिलेल्या लंडनच्या अभ्यासात असेही दिसून आले की, एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रमात म्हणण्यासारखा व्यत्यय येत नाही. म्हणून वहीत त्या तारखेसमोर नुसता ‘खाडा’ असे लिहावे, कारण लिहू नये, भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पटही करू नये. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी, नेहमीइतकेच करावे. लागोपाठ तीन खाडे पडले तर मात्र तिसरा रकाना पुन्हा पाहावा, कारण बहुधा निमित्त सरकलेले असते: कचेरीची वेळ बदलली असेल, टेबल कोणी हलवले असेल, चार्जर पुन्हा कोचामागे आला असेल. मुदत भरली की, एखाद्या जवळच्या माणसास बोलावून चहा करावा, वही त्याच्यापुढे ठेवावी, आणि नेम पुढे चालवावयाचा, बदलावयाचा की सोडावयाचा हे त्याच बैठकीत ठरवून, चालवावयाचा असल्यास नवी तारीख घालावी.